आधी एक उन्हाळा काढ

वाचकाचं पत्र:

"मावशी, मी दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. गेल्या वर्षी बी.एस्सी. उद्यानविद्या झाले. जवळच्या एका नगरपरिषदेच्या बागेवर देखरेखीचं काम कंत्राटदारामार्फत मिळतंय, १ मार्चपासून. बाबा म्हणतात, 'झाडाले पानीच घालाचं होतं तं च्यार वर्सं कायले शिकली?' घरच्यांना वाटतं मी कृषी सेवकाच्या नाहीतर बँकेच्या परीक्षेला बसावं. मला बागाच करायच्या आहेत, आणि पुढे पुष्पप्रदर्शनांत, बागांच्या स्पर्धांत परीक्षक व्हायचं आहे. डिसेंबरात तालुक्यातल्या शाळांच्या परसबाग स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. आम्ही तिघं होतो. पहिला नंबर दिला त्या शाळेतली निम्मी रोपं नुकतीच आणून लावलीत असं मला वाटलं, पण बाकीचे दोघं वयाने मोठे, म्हणून बोलले नाही. गुणपत्रकावर सही केली. तेव्हापासून मन खातंय. या क्षेत्रात खरंच काही आहे का? आणि मी परीक्षक व्हायच्या लायकीची आहे का?"

बेटा,

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते. नोकरीचं नंतर बोलू; मनाला लागलेलं आधी बाहेर पडलेलं बरं.

रोपं आणून लावलीत असं तुला कशावरून वाटलं, ते तू लिहिलं नाहीस. मी पत्र वाचताना तेच शोधत होते. वांग्याच्या बुडाशी बोट घातलं असतंस तर कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, भुसभुशीत गड्डा हाताला लागला असता. ट्रेमधलं रोप जमिनीत गेलं तरी बरेच दिवस तो गड्डा ओळखू येतो. पिशवीतून काढून लावलेल्या झाडाचा मातीचा गोळा पिशवीच्याच आकारात उभा असतो, आणि आपल्या काळ्या मातीत त्याच्याभोवती गोल चीर पडते. पानं बघ. एका जागी वाढलेल्या झाडाची पानं त्या जागेच्या उजेडाकडे वळलेली असतात. काल आणून लावलेल्याची तोंडं भलतीकडे असतात, कधी चक्क भिंतीकडे. आणि खऱ्या परसबागेत खाल्लेली पानं असतात, पोरांच्या धक्क्याने मोडलेली फांदी असते, काढून टाकलेल्या चवळीच्या वेलाची मोकळी जागा असते. एकही पान कुरतडलेलं नाही अशी परसबाग दिसली की मी आधी खाली बसते आणि माती चाचपते.

त्याहून सोपं म्हणजे पोरांना विचारायचं. "मेथी कोणी पेरली? कधी?" एका जिल्हा परिषद शाळेत चौथीतली एक मुलगी मला हाताला धरून वाफ्याच्या टोकाला घेऊन गेली. म्हणाली, "हात धुवाचं पानी इकून येते, म्हून पालक इथं लावला. तिकडे बोरचं पानी जाते, तिथं काईच येत नाई." त्या बागेत पालकाचे दोन वाफे, चार वांगी आणि एक शेवगा होता, बाकी काही नाही. शेजारच्या गावची बाग तिप्पट मोठी होती. मी पहिला नंबर या शाळेला दिला आणि शेऱ्यात त्या मुलीचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. दोघा सहपरीक्षकांनी ते वाचलं आणि मान्य केलं.

तुला शंका आली, म्हणजे नजर आहे. कमी पडलं ते बोलणं. तेही येईल, पण त्याला थोडी पद्धत लागते. फेरी सुरू व्हायच्या आधी नियमपत्रक मागून घे आणि कशाला किती गुण ते तिघांनी मिळून वाचा. प्रत्येकाने आपापले गुण पेनाने भरायचे, बेरीज होईपर्यंत एकमेकांशी चर्चा करायची नाही. वयाने मोठा माणूस आधी "वा, छान!" म्हणाला की लहानाचा हात आपोआप वर जातो, म्हणून हा नियम. प्रत्येक आकड्यापुढे एक ओळ कारण लिही. तिघांच्या गुणांत फार फरक पडला तर तिघांनी पुन्हा त्या जागी जायचं. कोऱ्या किंवा पेन्सिलने भरलेल्या पत्रकावर सही करायची नाही. आणि पटलंच नाही तर आपला आकडा तसाच ठेवून शेजारी "असहमत" लिहायचं. त्यात कोणाचा अपमान नाही.

आता झालेल्या सहीचं काय? बक्षीस वाटून झालंय. ते परत घ्या म्हणून तू आज उठलीस तर शिक्षा पोरांना होईल, आणि रोपं आणायचं पोरांनी ठरवलेलं नव्हतं. आयोजकांना साधं अर्धं पान लिही, सहीनिशी. काय दिसलं ते लिही, कोणावर आरोप करू नकोस. खाली सूचना कर की पुढच्या वर्षी परीक्षण दोनदा व्हावं: एकदा ऑगस्टात न सांगता, एकदा डिसेंबरात सांगून. दोन फेऱ्यांतला फरक पाहिला की रातोरात लावलेली बाग उघडी पडते. आणि एक दिवस दुसऱ्या नंबरच्या शाळेत जाऊन ये. पोरांना त्यांची बाग का आवडली ते सांग, सोबत शेवग्याच्या शेंगेचं बी ने.

हे मी वरून सांगत नाही. मीही एकदा अशीच गप्प बसले होते. एका जिल्ह्याच्या पुष्पप्रदर्शनात शेवंतीच्या कुंड्यांचा वर्ग माझ्याकडे होता. एक कुंडी अशी होती की तिच्यापुढून पाय निघेना: सगळी फुलं एका उंचीवर, एका दिवसाची, पानं अगदी मातीपर्यंत हिरवी. चिठ्ठीवर एका मोठ्या अधिकाऱ्याच्या घरचं नाव होतं. पहिला नंबर दिला. बक्षीस समारंभात मांडवाच्या कडेला एक म्हातारा माळी उभा दिसला. त्याची बोटं शेंडे खुडून खुडून हिरवट काळी झालेली. मी विचारलं, "कुंडी तुमची का?" म्हणाला, "साहेबाची." मग हळूहळू बोलायला लागला. जुलैपासून शेंडे खुडत होता. बंगल्याच्या फाटकावर रस्त्याचा दिवा आहे, त्याचा उजेड रात्रभर कुंड्यांवर पडायचा आणि शेवंतीला रात्र अंधारी लागते, नाहीतर ती कळी धरत नाही. म्हणून तो रोज सांजच्याला कुंड्यांवर बारदाना टाकायचा आणि सकाळी काढायचा. दोन महिने. दिव्याचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आदल्या वर्षी दिव्याखालच्या कुंड्यांना फूल आलं नाही, ते बघून तो शिकला होता.

त्या दिवशी मी आयोजकांना काही बोलले नाही. पुढच्या वर्षी निमंत्रण आलं तेव्हा कळवलं की प्रवेशपत्रिकेवर "जोपासना करणारा" असा रकाना असेल तरच येईन. त्यांनी रकाना घातला, आणि त्याचं नाव त्या साली व्यासपीठावरून वाचलं गेलं. तो बारदाना मला अजून आठवतो, कारण माझ्या पदवीत प्रकाशकालाचा धडा होता, मी त्यात चांगले गुण मिळवले होते, तरी दिव्याखालची कुंडी मी कधी झाकली नव्हती.

म्हणूनच म्हणते, तू हे काम घे. परीक्षक व्हायचंय म्हणून तर घेच. निदान एक मार्च ते जून त्या बागेत काढ, मग बाकीचं ठरव.

आता क्षेत्राचं खरं खरं सांगते, कारण तुझ्या घरच्यांची काळजी खोटी नाही. छोट्या नगरपरिषदांत उद्यान अधिकारी हे स्वतंत्र पद बहुतेक नसतंच. नगरपरिषद राज्यसेवेची २०२३ ची जाहिरात आठव: स्थापत्य, विद्युत, संगणक, पाणीपुरवठा, लेखा, कर, अग्निशमन, स्वच्छता. उद्यान नव्हतं. बाग सांभाळतो तो आरोग्य किंवा बांधकाम विभागातला कोणीतरी, आपलं मूळ काम सांभाळून, आणि प्रत्यक्ष राबतात कंत्राटी माणसं. महापालिकांत मात्र उद्यान विभाग असतो. उद्यान अधीक्षक, उद्यान निरीक्षक, वृक्ष अधिकारी अशी पदं निघतात. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या २०२३ च्या मोठ्या भरतीत उद्यान पर्यवेक्षक होतं. केंद्रीय लोकनिर्माण विभागाला उद्यान शाखा आहे. देवस्थानं, विद्यापीठं, वीज प्रकल्पांच्या वसाहती यांनाही बागवान माणूस लागतो. शेगावच्या आनंदसागराला सहलीला गेली असशीलच, ती हिरवळ कोणाच्या तरी हातांनीच राखलेली असते. जागा थोड्या निघतात, उशिरा निघतात, आणि निघाल्या की अर्जांचा ढीग पडतो. म्हणून कृषी सेवकाचा फॉर्म भर, एमपीएससीच्या कृषी सेवेचाही भर. बागेचं काम सकाळी सहाला सुरू होतं. दुपारी बारा ते चार उन्हात कोणी राबू शकत नाही, तो वेळ अभ्यासाला ठेव. यात बाबांचंही मन राहील.

कंत्राटाबद्दल मात्र भोळी राहू नकोस. नेमणुकीचं पत्र कागदावर घे. त्यात पद "पर्यवेक्षक" लिहून घे. "मजूर" लिहिलं तर उद्या अनुभव मोजला जाणार नाही. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन नंबर पहिल्या महिन्यात माग आणि पैसे जमा होतात का ते स्वतःच्या मोबाईलवर बघ. पगार खात्यावर. वर्षाच्या शेवटी अनुभवाचा दाखला कंत्राटदाराच्या लेटरहेडवर तर घेच, शिवाय मुख्याधिकाऱ्यांच्या सहीचाही मिळव. त्यासाठी तुझं नाव त्यांच्या टेबलापर्यंत जायला हवं, म्हणून दर महिन्याला एक पानाचा अहवाल त्यांना दे: किती झाडं, किती गेली, किती पाणी, किती हात. तो अहवाल कोणी मागणार नाही. तरी दे.

एक कायदा वाचून ठेव, महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. शहरातलं झाड तोडायला परवानगी लागते ती याखाली, दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची तीही याखाली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण आहे. छोट्या गावात हे माहीत असलेला माणूस क्वचित असतो. बसस्टँडपाशी कडूनिंब तोडायला आलेल्या ठेकेदाराला "परवानगीचा कागद दाखवा" म्हणणारी तू एकटी असशील, आणि कलम तोंडपाठ असेल तर आवाज कापत नाही.

आता तुझी बाग. दर्यापूरच्या आसपास म्हणजे खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा. जमिनीत आणि भूजलात क्षार. तिथे नागपूरच्या बागेचा नकाशा चालणार नाही. तू जाशील तेव्हा बहुधा दिसेल ते असं: मधोमध वाळलेली हिरवळ, कडेला मेलेल्या गुलाबांच्या काड्या, बोरवेलला जोडलेला पाइप, आणि मातीवर पांढरी पापडी. प्रत्येक नवा माणूस येतो, जास्त पाणी सोडतो. खारं पाणी थोडं थोडं, रोज रोज, वरवर शिंपडलं की पाणी उडून जातं आणि मीठ वर उरतं. सोडियम चढला की मातीचे कण सुटतात, वर कवच बसतं, पाणी मुरतच नाही. मग लोक म्हणतात, "इथं काही जगत नाही." जगतं. काय लावायचं आणि कोणतं पाणी द्यायचं, एवढंच ठरवायला हवं.

गुलाबाचा हट्ट तिथे सोड. तो खाऱ्या पाण्याला फार नाजूक. कण्हेर, बोगनवेल, करंज, कडूनिंब, बोर ही मंडळी सोसतात. हिरवळ हवीच असेल तर आपली हरळी; उन्हाळ्यात पिवळी पडेल, मृगाच्या दोन पावसांत परत उठेल, आणि पिवळी हरळी म्हणजे मेलेली हरळी नव्हे हे नगरसेवकांना एप्रिलच्या आधीच सांगून ठेव. माती आणि पाणी दोन्ही तपासून घे, म्हणजे मातीतला सोडियम हटवणारं जिप्सम किती टाकायचं ते अंदाजावर राहणार नाही. पावसाळ्याच्या तोंडावर ढेंचा, म्हणजे हिरवळीच्या खताचं पीक, पेरून फुलावर यायच्या सुमारास गाडला तर मातीत जीव येतो. आणि बागेजवळ वाचनालय, समाजमंदिर, काहीही छताचं असेल तर त्याचं पावसाचं पाणी टाकीत उतरवायचा प्रस्ताव दे. या पट्ट्यात गोडं पाणी म्हणजे आभाळाचंच. शेतकऱ्यांनी शेततळी केली ती याचसाठी.

नव्या झाडांचे खड्डे मे महिन्यात, दोन फूट लांब, रुंद, खोल. उन्हात तापू दे. पण काळ्या चिकण मातीतला खड्डा पावसाळ्यात माठासारखा पाणी धरतो आणि मुळं कुजतात, म्हणून तो भरताना भर जमिनीच्या वर वीतभर ठेव आणि झाड त्या उंचवट्यावर लाव. लहान झाडांना मार्चमध्येच पश्चिमेच्या अंगाला तुऱ्हाट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा, आडोसा कर; सावलीची हिरवी जाळी मागशील तर मंजुरीला पावसाळा उजाडेल, तुऱ्हाट्या कोणत्याही शेताच्या बांधावर आहेत. जमिनीला भेगा पडायला लागल्या की खुरप्याने वरवर हलवत राहा. डवरणीने पिकात जे होतं तेच इथे होतं: भेग बुजते, ओल टिकते. आळ्यात पालापाचोळा चार बोटं. बागेतला पाला जाळायची सवय बहुतेक ठिकाणी असते, ती पहिल्या आठवड्यात बंद कर. यासाठी भांडण झालं तरी चालेल.

काम करणाऱ्या बाया असतील, दोन-तीन माळी असतील. त्यांच्यातला कोणी तिथे वीस वर्षं असेल. पहिले पंधरा दिवस सूचना देऊ नकोस, त्यांच्यासोबत खुरपं घेऊन बस. कोणत्या कोपऱ्यात पाणी साचतं, कोणता व्हॉल्व्ह गळतो, कोणतं झाड कोणी कधी लावलं, हे फाइलीत सापडत नाही. तुझ्या वयाच्या मुलीला "मॅडम" म्हणताना त्यांना संकोच वाटेल. तू त्यांना काकू, भाऊ म्हण, आपोआप सुटेल. मात्र हजेरीच्या वहीवर आणि त्यांच्या पगारावर डोळा ठेव. कंत्राटदार त्यांचे दिवस कापत असेल तर ते तुझ्या अहवालात आलं पाहिजे.

आता परीक्षक होण्याचं. याला कुठलं लायसन नाही, आणि यावर घर चालत नाही, हे आधीच सांगते. बहुतेक ठिकाणी जायचा-यायचा खर्च, शाल-श्रीफळ आणि चहा मिळतो. तरीही हे काम मोठं आहे, कारण लोक बक्षिसाकडे बघून बाग करतात. तू ज्याला नंबर देशील, पुढच्या वर्षी दहा जण तसंच करतील. तुकतुकीत कुंड्या आणून मांडणाऱ्याला दिलास तर गावोगाव कुंड्या मांडल्या जातील.

रस्ता असा. आधी स्पर्धक हो. एक तरी वर्ष स्वतः काहीतरी वाढवून प्रदर्शनात मांड आणि हर. मग मदतनीस म्हणून जा. परीक्षकांच्या मागे कागद धरून फिरणारं माणूस प्रत्येक प्रदर्शनाला हवं असतं. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचं जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन आणि मुंबईच्या राणीच्या बागेतलं महापालिकेचं प्रदर्शन, दोन्ही एकेकदा पूर्ण दिवस लावून बघ. निकाल लागण्याआधी आपले नंबर वहीत लिहायचे, मग लागलेल्या निकालाशी ताडून बघायचे. जिथे फरक पडला तिथे परत जाऊन उभं राहायचं. मी अशा तीन वह्या भरल्यात.

गुण कसे विभागतात तेही नीट शिक. गुलाबाचं उदाहरण घे. अमेरिकन रोझ सोसायटीच्या शंभर गुणांत फुलाच्या घडणीला पंचवीस, रंगाला वीस, देठ-पानांना वीस, पाकळ्यांच्या कसाला पंधरा, एकूण तोलाला दहा आणि आकारमानाला फक्त दहा. आपल्याकडे मोठं फूल दिसलं की हात आधी तिकडे जातो. नियमपत्रकात आकारमानाला दहाच असतील तर मोठेपणाला दहाच. आणि वर्गात "तीन फुलं" लिहिलं असेल आणि कोणी चार मांडली, तर ती कितीही सुंदर असोत, बाद. हे कठोर वाटतं. पण ज्याने नियम वाचून चौथं फूल घरी ठेवलं त्याच्यावर अन्याय नको.

गावाकडे परीक्षकाला काम कुठे, असं तुला वाटत असेल. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या पापळच्या पंजाबराव देशमुखांनी केंद्रात कृषिमंत्री असताना १९५९-६० मध्ये दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं. मांडणं, तोलणं, नंबर काढणं हे आपल्या जिल्ह्याला नवं नाही. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २००० सालापासून आहे, पर्यावरणाचं माझी वसुंधरा अभियान २०२० पासून. दोन्हींत तपासणी समित्या गावोगाव फिरतात. शाळांच्या आणि बचतगटांच्या परसबाग स्पर्धा होतात. तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात संत्र्याचे, मिरचीचे, हळदीचे वर्ग असतात. या समित्यांत झाडाचं शिकलेलं माणूस क्वचितच असतं. पंचायत समितीत आणि कृषी विज्ञान केंद्रात आपलं नाव देऊन ठेव. पण एक अट स्वतःला घाल: ज्या बागेत तू काम करतेस, ज्या नर्सरीतून तू रोपं घेतेस, ज्या गावात तुझे नातेवाईक आहेत, तिथे परीक्षण करायचं नाही. तालुका लहान असतो, सगळ्यांना सगळं माहीत असतं. आपणहून बाजूला झालीस तर बाकीच्या निकालांवर लोक विश्वास ठेवतील.

राहता राहिले बाबा. त्यांच्या बोलण्यात राग कमी आणि भीती जास्त आहे, असं मला वाटतं. खारपाणात कापूस, तूर, हरभरा करून त्यांनी तुला चार वर्षं शिकवलं. पाण्याशिवाय, फक्त ओलीवर पीक काढणं काय असतं ते त्यांच्याइतकं कोणत्याही प्राध्यापकाने तुला शिकवलेलं नाही. त्यांना समजावत बसू नकोस, विचार. "बाबा, बागेतल्या जमिनीले पांढरं फुटलं, काय करू?" एवढं म्हण आणि एका सकाळी त्यांना गाडीवर मागे बसवून बागेत घेऊन जा. ते वाकून माती हातात घेतील, जिभेला लावतील, आणि मग तासभर तुला बोलायला मिळणार नाही. माझ्या वडिलांनी माझ्या पहिल्या बागेत हेच केलं होतं. पुढे ते दर रविवारी यायचे, आणि फाटकावरच्या माणसाला सांगायचे, "पोरीची बाग हाय."

१ मार्चला अजून दिवस आहेत. त्याआधी एकदा त्या बागेत जाऊन ये. बोरवेलचं पाणी पाच मिनिटं वाहू दे, मग स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळून गच्च भर. माती चार-पाच जागची, वीतभर खोलीवरची, पांढरी पापडी बाजूला सारून घे आणि एकत्र कर; पापडीचा नमुना वेगळ्या पिशवीत. दोन्हींवर तारीख आणि जागा लिही. जिल्ह्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात दे आणि पाण्यासाठी ईसी (एकूण क्षार किती ते दाखवणारा आकडा) आणि सोडियमचं प्रमाण दोन्ही मागितलंय असं अर्जावर लिही. अहवाल हातात आला की मला आकडे पाठव, जिप्समचा हिशेब आपण दोघी मिळून करू.

तुझी,
मावशी